शेठला काळा माणूस नको होता

दुष्काळावरनं आठवलं बघा. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्या साली बी पावसानं ओढ दिली होती, आन् आमच्या कबड्डीच्या संघानं जिल्ह्याचा पहिलाच कप मारला. संघ डाळमिलवाल्या शेठचा. फोटोसाठी आम्ही रांगेत उभे राहिलो, तर शेठ आमच्या मारुतीला म्हणाले, "तू बाजूला हो रे. एवढा काळा माणूस माझ्या फोटोत नको."

फायनल त्यानंच जिंकून दिली होती. बिचाऱ्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात गर्दीतनं एक म्हातारी ओरडली, "शेठ, काळं नको म्हनू नका! ढगांनी ऐकलं तर?"

मग काय! लोकांनी एकच गलका केला, "माफी मागा शेठ! आमचा पाऊस घालवता का?" आम्ही खेळाडू बी रांग मोडून मारुतीजवळ जाऊन उभे राहिलो. कॅमेऱ्यापुढं शेठ एकटेच उरले.

शेठ लई घाबरले. "ये बाबा मारुती, मधी उभा राहा. चुकलं माझं," असं पुटपुटले.

मारुती जागचा हलला न्हाई. आभाळाकडं बोट करून म्हणाला, "मोठ्यानं म्हना शेठ. वर ऐकू गेलं पाहिजे."