टिकटिक

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक निवृत्त घड्याळजी आणि त्यांची धाकटी बहीण बसली होती.

"दादा, आत गेल्यावर खरं सांग हं. थापा मारू नकोस."

"माणसांचं बोलणं कमी ऐकू येतं. वायरलेसवरची मोर्सची टिकटिक येते अजून."

"ते खूळ सुटलं नाही तर!"

"खूळ कसलं? साबणाच्या डबीत मावणारा सेट, टॉर्चचा बल्बही धड पेटणार नाही एवढी वीज. त्यावर समुद्रापलीकडचा माणूस मिळाला."

"आईच्या कपडे वाळत घालायच्या तारेची एरियल केली होतीस. तिने ओल्या चादरी टाकल्या की तुझा माणूस गायब."

"म्हणून तुला गच्चीवर बसवायचो, चादरी धरून."

"हात भरून यायचे रे!"

"पण त्याचं पहिलं उत्तर आलं, तेव्हा गल्लीभर ओरडत सुटलीस, 'दादाचं ऐकू गेलं!'"

"आहे का तो अजून?"

"रविवारी होता. हात थरथरतो त्याचा, हळू पाठवतो. माझे कान असे. जुळतं आमचं."

"मग आज चेहरा का पडलाय?"

"मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, उरलंय तेही जाईल. त्याला अजून सांगितलं नाही गं."

बहिणीने पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस कशाला?"

"मला शिकव ती टिकटिक."

"या वयात?"

"मी ऐकेन, आणि तुझ्या तळहातावर वाजवेन."

"बोट दे इकडे. आधी त्याची ओळखखूण शिक. एक लांब, दोन छोटे... अगं, हळू."

नर्सने नंबर पुकारला.

"जरा थांबा हो, सिस्टर. आमचं चाललंय."