पॉइंट दोन राजी

—नाय नाय, छपाईत चूक नाय, मी नाव वाचलं म्हणून थांबलो. 'डोंगरी वनस्पती-समूहांचा फजी गणिताने अभ्यास.' शहागंजात तीस वर्षं प्रबंध बांधतोय, बेटी, आतलं कधी वाचत नाय — पण हे मला समजतं. हसू नको. माझी लाइबा हेच करायची. पिशोरच्या डोंगरावर पोरगी एकटी कशी जाईल, म्हणून मी जायचो संगं — दर इतवारी, दुकान बंद ठेवून. ती दोरीनं चौकट आखायची, आत कोणतं गवत, कोणतं झुडूप, किती, ते बोलायची, मी वहीत लिहायचो. एकदा म्हटलं, अगं, इथं गवत संपलं, इथं झाडी लागली, मधी रेघ मार की! तर म्हणाली, "अब्बू, डोंगरात रेघ नसते. ही चौकट पॉइंट सात गवताची, पॉइंट तीन झाडीची. हेच ते फजी." मग घरात तेच सुरू — सालन कसं झालंय? पॉइंट नऊ. अब्बूचा गुस्सा? पॉइंट चार. लई हसायचो आम्ही.

मग जालन्याचं स्थळ आलं. चांगले लोक — आजही चांगलेच आहेत, त्यांचा काय कसूर? मी विचारलं, बेटा, राजी आहेस ना? खाली बघून म्हणाली, "पॉइंट दोन." अन् मी — मी हसलो. बिल्किसला, तिच्या अम्मीला, हाक मारून सांगितलं, राजी आहे पोरगी! मस्करीच वाटली मला... नाय. खोटं कशाला बोलू. चार वर्षं तिचे आकडे लिहिलेत मी, पॉइंट दोन म्हणजे किती, ते मला नाय कळणार? अन् मुलाकडच्यांनी विचारलं, डोंगर-बिंगर बंद करणार ना? — तर व्हय मीच म्हणालो. ती पडद्याआड उभी होती. तिच्या प्रबंधाचं एकच प्रकरण लिहायचं राहिलं होतं.

ह्या ईदला सासरहून आली. मी मुद्दाम गाडी करून डोंगराकडं नेलं. पायथ्याचं वाळकं गवत उपटून पुढं धरलं, म्हटलं, हे कोणतं गं? हातात घेतलं, बोटांनी कणीस चोळलं, परत माझ्या हातात दिलं. "याद नहीं, अब्बू." गुराख्याचं पोरही सांगेल असं गवत होतं ते. अन् ओळखलं होतं तिनं — मला माहीत आहे, ओळखलं होतं —

किती प्रती म्हणालीस? ...नको, आज नको. राहू दे तुझे कागद तिथंच, आज नाय बांधवणार मला. जा बेटी, उद्या ये.