सहा सिलिंडर, दोन गोदामं

नाही नाही नाही, तो सिलिंडर फिरवू नका साहेब — अहो, राहू द्या ना, भिंतीला टेकून गप उभा आहे बिचारा, कशाला उगाच — झालं. फिरवलात. काय दिसतंय? तीन. आणि पुढच्या बाजूला काय होतं? नऊ. बरं, मग? माणसाला दोन नावं असतात की, घरात एक, शाळेत एक — आग विझवायच्या सिलिंडरला असली तर कुणाचं काय बिघडलं? रंगाऱ्याने हात बसावा म्हणून मागे तीन काढून बघितला असेल. माझ्याकडे असं बघू नका. मी साधा गोदाम सांभाळणारा, आकडे मालक ठरवतात.

चला, पुढे बघा. ह्या गाद्यांच्या थप्प्या — फोमच्या आहेत, छतापर्यंत गेल्यात, पण कशा सरळ! ह्या वाळूच्या लाल बादल्या, मोजून चार. वर विड्यांची थोटकं दिसतात ती सोडा हो — उलट लिहा की इथले लोक आगीवर वाळूच वापरतात, शिस्त आहे. 'विडी ओढू नये' ही पाटी पण आहे. तिच्याच खाली ओढतात, कारण वारा तिथेच लागतो, त्याला पाटी काय करणार? हाताचं काय म्हणालात? हे फडकं होय — इस्त्रीचा चटका. हो, मी करतो इस्त्री. का, पुरुषांनी करू नये? बायको वर माळ्यावर गाद्यांच्या खोळी शिवते, ती आणि आणखी दहा जणी, दिवसभर. तिने घरी येऊन परत इस्त्री करायची का?

काय? पहिल्या गोदामात पण पोचा पडलेला तीन नंबर होता? बघा, नजर आहे तुमची! उगाच नाही सरकारने वही दिली हातात. हाच तो, साहेब. हाच. मघाशी पहिल्यात सहा मोजलेत, मग मालकांनी तुम्हाला ऑफिसात बसवून चहा पाजला — आलं घालून, हो ना? — तेवढ्यात हे सहाही जण हातगाडीवर बसून मागच्या गल्लीतून इकडे आले. पाठ फिरवली की तीनचा नऊ, चारचा दहा. आठ वर्षं चाललंय. तुमच्या आधीचे साहेब तर चहासोबत बिस्किटं पण मागायचे, त्यामुळे गाडी ओढणाऱ्याला घामसुद्धा यायचा नाही. तुम्ही भराभरा प्यायलात, तोंड नाही भाजलं? — आणि मी हे तुम्हाला का सांगतोय, मलाच कळत नाही. मालक म्हणाले होते, तू फार बोलतोस, आज फक्त मान डोलव.

एरवी कुठे असतात? पहिल्यात. तिथे मालकांचं ऑफिस आहे ना! मालक काय गादी आहेत, जळाले तर दुसरे आणायला? इथे नुसते ते टांगायचे खिळे. गेल्या गुरुवारी मी ह्याच खिळ्याकडे धावलो, तो — तो काही नाही. काही नाही झालं गुरुवारी. बरं, झालं. थोडंसं. माल उचलायच्या गाडीचा चार्जर तिथे जिन्याखाली लावतात, का तर वायर तेवढीच पुरते. ठिणगी उडाली, शेजारी फोमचा गुंडाळा होता, त्याने पेट घेतला. ज्वाळा एवढीशी हो — पण धूर! काळा, चिकट, सगळा जिन्यातून सरळ माळ्यावर. मी मेन स्विच पाडला, खिळ्याकडे धावलो, खिळा रिकामा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग थोटकांसकट वाळू ओतली, हाताने दाबली. इस्त्री ती हीच.

आता विचारा, वर मागचं दार आहे, बाहेर लोखंडी जिना आहे, बायका तिकडून का नाही उतरल्या? विचारा ना! नाही विचारत? मीच सांगतो. कुलूप होतं. मे महिन्यात दोन गाद्या चोरीला गेल्या, मालक म्हणाले लाव कुलूप, मी लावलं. चांगलं जाडजूड बघून आणलं, मीच. वाळू ओतून झाल्यावर बाहेरून जिना चढलो तर आतून अकरा जणी दार बडवतायत, आणि ह्या भाजलेल्या हाताने किल्ली भोकात जाईना. पडली खाली, जिन्याच्या फटीतून. उतरलो, शोधली, परत चढलो. तोवर बडवणं कमी झालं होतं. साहेब, मला ते बडवणंच बरं वाटत होतं हो. उघडलं तर अकराही जणी बाहेर, सगळ्यात पुढे आमची ही. खोकत खोकत एकच बोलली — "तुम्हीच लावलं होतंत ना?" तेव्हापासून बोलत नाही. डबा भरते, ताट वाढते, बोलत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच माळ्यावर शिवायला बसली. आत्ता पण वर आहे. मशीन ऐकू येतंय, ते तिचंच, थांबून थांबून चालतं ते.

आज दार उघडं आहे, हो. कुलूप हे बघा, माझ्या खिशात. साहेब गेले की लाव, असा हुकूम आहे. आणि मी लावणार होतो. खरं सांगतो, तुम्ही तो सिलिंडर फिरवला नसता तर लावलंही असतं. हे घ्या, टाका तुमच्या पिशवीत. पण कुलपं बाजारात ढिगाने मिळतात, म्हणून लिहा. सिलिंडरचं लिहा, दाराचं लिहा, कुणी लावलं तेही लिहा. गोदाम बंद होईल, मी घरी बसेन, तीही घरी बसेल. बोलली नाही तरी चालेल. असेल तर खरी.

कोण आहे? चहा? मालकांनी पाठवला? पहिला हातगाडीसाठी, दुसरा सहीसाठी — परत घेऊन जा. साहेब पिणार नाहीत. जा म्हणतो ना!

लिहा साहेब.