पेटिग्रूंच्या फोटोत

–अहो दादा, सरका ना जरा, आणि हे ताट धरा, मला हा सदरा खाली ओढू दे – दोन मापं मोठा दिलाय मेल्यांनी! मेळाव्याला अख्ख्या खानदानाला एकच पिवळा रंग, जत्राच म्हणायची! तुम्हालाही ढगळच झालाय की. एक सांगू? कुणाला बोलायचं नाही हं. मी ह्या पेटिग्रू घराण्यातली नाहीच! डेट्रॉइटची अर्नेस्टीन मी, ह्यांची कोणी कोणी लागत नाही. ओरडू नका हो!

झालं काय, सकाळी मेरिडियनला बस थांबली तर उतरायचा धीरच होईना. का म्हणजे? तुम्ही आपल्या काळ्यांतलेच, तुम्हाला काय सांगायचं. आई गोऱ्यांच्या भीतीनं नेसत्या कपड्यानिशी पळाली इथून, आणि मरेपर्यंत बजावायची – ह्या मिसिसिपीत पेट्रोल भरायलासुद्धा थांबू नकोस. म्हणून तर कोंबडी तळून बुटाच्या खोक्यातून आणली, इथं कुणापुढं काही मागायला नको! आईची गल्ली बघायची, तेवढंच मनात. गल्ली कसली, मोटारी उभ्या करायचं मैदान झालंय. तिथं रडत उभी होते, तर ही लाक्वेटा – ती पंखा हलवतेय ना, ती जाडी – धावत आली, ‘अगं मावशी, इथं काय करतेस, सगळे बागेत जमलेत!’ घातलं की मला गाडीत. नाही म्हणायला हवं होतं, कबूल – पण दादा, तिनं मिठी मारली हो.

आणि एकानं विचारलं नाही, तू कोण. विचारतील कसे? म्हाताऱ्या माणसाला असं विचारलं तर आपापल्या आईचा हात गालावर बसेल! जो तो समजतो, मूळच्या पेटिग्रू भावांपैकी दुसऱ्या कुणाच्या बाजूची असेल. नाचले मी, दादा! ह्या गुडघ्यांनी! मेरिडियनमध्ये!

पण आता फोटो. ती कर्णा घेतलेली पोर एकेका भावाचं घराणं हाक मारून उभं करतेय. बिंग फुटणार माझं. आणि मला यायचंय हो त्या फोटोत – नवरा गेला, मूलबाळ नाही, भिंतीवर एकटी आई. तुम्ही इथले थोरले दिसता, म्हणून आले. म्हणा ना, ही माझी चुलत बहीण. एवढंच.

काय? हळू बोला. …तुम्हीपण पेटिग्रू नाही? बस चुकली आणि तळल्या माशाचा वास आला म्हणून शिरलात? अगं बाई! आणि जेवणाआधीची प्रार्थना तुम्हीच सांगितलीत ना सगळ्यांच्या वतीनं, डोळे मिटून!

आली ती. हात धरा माझा. हो गं बाळ, आम्ही दोघं थोरल्या भावाच्या घरातले. मधल्या खुर्च्यांवर? आम्ही? बरं बरं, बसतो.

दादा, आता एक अक्षर नाही. दात दाखवा.