पात्याखालचा ठोकळा

जेवलात का रं समदी? ताटं तिथंच राहू द्या, मी काढीन. उद्या मशिनी घिऊन चिंचखिंडीत जानार न्हवं तुम्ही? मग बसा जरा आन् ऐका. ए जाड्या, हसू नगंस. हसनारे लई बघितल्यात मी.

ही खिंड पयल्यांदा फोडली तवा सरकारी डोजर आलता. त्याच्यासंगं रामलिंग मिस्त्री. पक्का सरकारी नोकर. मशिनीला कान लावायचा आन् सांगायचा, हिच्या पोटात काय दुखतंय ते. हाताला गुन व्हता मेल्याच्या, खोटं कशाला बोलू?

त्या लोकांत एक रीत व्हती. डोजरचं पातं वर उचललं की त्याच्याखाली बाभळीचा ठोकळा लावायचा. पातं सुटलं तर मानसाची भाकर व्हतीया. म्हनून खाली शिरनारा आधी इचारायचा, "ठोकळा?" बाहेरच्यानं ठोकळ्यावर थाप मारायची आन् म्हनायचं, "ठेवला!" मगच शिरायचं. न्हाईतर न्हाई.

एक दिस त्या डोजरचा आपरेटर पात्याखाली गेला. पातं सुटलं. संपला तिथंच. नाव? नाव कशाला पायजे तुला? गप ऐक. मिस्त्रीनं सायबाला लिहून दिलं, आपरेटर दारू पिऊन व्हता, न इचारता खाली शिरला. झालं! घरच्यांना काय बी मिळालं न्हाई. बेवडा मेला म्हनून गाव थुंकलं त्याच्या नावावर.

दोन वर्सं गेली. पावसात खिंडीत दरड आली आन् डोजर तिथंच बंद पडला, पातं वर करून. सायब म्हनला, सकाळच्या आत रस्ता मोकळा पायजे. दिस बुडाल्यावर रामलिंग निघाला. एकटाच! खांद्याला पान्ह्यांची पिशवी, हातात बॅटरी. अवस तोंडावर आलेली. सवताचा हात सवताला दिसंना.

खिंडीच्या तोंडाशी बॅटरी गेली. झटकली, आपटली. न्हाईच! तेवढ्यात डोजरपाशी कंदील दिसला. घोंगडं पांघरून एक मानूस बसलेला. ह्याला वाटलं, वाचमन असंल. जिवात जीव आला बघा.

"या मिस्त्री," त्यो मानूस म्हनला. "वाटच बघतोय. पात्याखालचा पाइप फुटलाय."

मिस्त्रीनं घाईघाईत बाह्या सारल्या. जमिनीला पाठ टेकली आन् इचारलं, "ठोकळा?"

"ठेवला!"

शिरला खाली. थाप वाजली का? न्हाई वाजली! पन घाईत त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. आयुष्य गेलं ह्या कामात, आन् तेवढंच इसरला.

चाचपून नट सापडला. पान्ह्यासाठी हात बाहेर काढला. नंबर सांगायच्या आधीच पान्हा हातात! बराबर तोच! वाचमनला नंबर कसा कळला? तरी काम करत ऱ्हायला. दुसरा पान्हा मागितला. ह्या खेपेला हाताला हात लागला. गारठून ग्येलेला हात. आन् बोटं चपटी, पापडावानी.

"कोन हाय रं?"

कंदील इझला.

कर्रर्र! पातं बोटभर खाली आलं. मिस्त्री वरडला, "आरं ठोकळा! ठोकळा!"

"ठेवला रं, शिर की," बाहेरनं आवाज आला. पन कुनाचा? सवताचाच! मिस्त्रीचा सवताचा आवाज, तोंडात चहाचा घोट धरून बोलल्यावानी. मिस्त्रीनं तो वळखला. त्या दिशी आपरेटरनं खालनं इचारलं व्हतं, "ठोकळा?" आन् ह्यो पलीकडं टपरीवर बसल्या जागंवरनं, हातातला गलास बी न ठेवता म्हनला व्हता, "ठेवला रं, शिर की."

कर्रर्र! छातीला पातं लागलं. "सोड मला, लेकरं हायत मला!" आनिक खाली. "खंडोबाची आन हाय, सोड!" आनिक खाली. बरगड्या वाजाय लागल्या. श्वास घिता यीना. तवा कुठं खरं तोंडातनं भाईर पडलं.

"म्या ठेवला न्हवता! तू इचारलं व्हतंस. तू पिला न्हवतास. म्या खोटं लिहून दिलं!"

पातं थांबलं. एका श्वासापुरतं थांबलं, बरं का. तेवढ्यात मिस्त्री लोळत भाईर आला, आन् पातं धाडकन खाली! उजव्या हाताची तीन बोटं तिथंच ऱ्हायली.

पळत सुटला. रगत गळतंय, पडतोय, उठतोय. दिस उगवायच्या आधी गावात एका दारापुढं यिऊन कोसळला. दार उघडलं तशी समदं सांगितलं, पयल्यापास्नं. त्या बाईनं दोनच गोष्टी इचारल्या.

"त्यांनी ठोकळा इचारला व्हता?"

"इचारला व्हता, वैनी."

"पिले न्हवते?"

"थेंब न्हाई."

दुसऱ्या दिशी त्यानं सायबाला नवं लिहून दिलं. डाव्या हातानं, वाकडंतिकडं. नोकरी गेली त्याची. जाऊ दे, जायलाच पायजे व्हती.

मला कसं ठावं म्हनता? आरं, दार माझंच व्हतं. दोन वर्सं बेवड्याची बायको म्हनून ह्या गावात पानी भरलं मी. मघाशी नाव इचारलंस न्हवं? नवऱ्याचं नाव घेत न्हाईत आमच्यात. म्हनून न्हाई सांगितलं.

तवा रातच्याला त्या खिंडीत पाय टाकू नगा. सायब सांगू दे न्हाईतर सायबाचा बाप. आन् दिसाउजेडी बी, थाप कानानं ऐकल्याबिगर पात्याखाली शिरू नगा. तिथं अजून कुनीतरी "ठेवला" म्हनतंय.

ए जाड्या, उद्या पात्याच्या भाईर तूच उभा ऱ्हानार न्हवं? मग सकाळचा चहा हितंच पिऊन जा.