वाटेवरून वेचलेली ऐट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चिटणीस सन्माननीय नवलभाऊ, मुख्याध्यापक कौतिक सर, सत्कारमूर्ती उषाताई, हार गळ्यात घेऊन जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान ज्ञानेश्वरभाऊ, माझे सहकारी, जमलेले पालक, आणि स्वयंपाकाच्या वासाकडे निम्मं लक्ष असलेल्या माझ्या मुलामुलींनो, सगळ्यांना या सारिकाचा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी उषाताईंच्या भूगोलाबद्दल सांगितलं, शिस्तीबद्दल सांगितलं. मी त्यांच्या कपड्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. एका शिक्षिकेच्या निरोपाला हा विषय शोभतो का? मलाही प्रश्न पडला होता, म्हणून सकाळी त्यांचीच परवानगी घेतली. त्या म्हणाल्या, सांग, पण रडकं करू नकोस.

नवीन शिक्षकांना खरं वाटणार नाही, पण आज मोरपंखी साडीत बसलेल्या या बाई पूर्वी वर्षानुवर्षं करड्या नाहीतर बदामी साडीतच यायच्या. त्यांचा एकच थाट होता, तो म्हणजे कमरेखाली रुळणारी वेणी. बाकी, साडीचं काय एवढं, अंग झाकलं की झालं, असं त्यांचं मत. स्टाफरूममध्ये आम्ही काठपदराच्या गप्पा सुरू केल्या की त्या वह्या तपासायला घ्यायच्या.

चार वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, मग जळगावला किमो सुरू झाली आणि ती वेणी गेली. ज्ञानेश्वरभाऊंनी हौसेनं केसांचा टोप आणला. ऑक्टोबरच्या उन्हात त्याच्याखाली डोकं नुसतं शिजायचं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, आरशात कोणी दुसरीच बाई दिसते, असं त्या म्हणायच्या. त्यांनी शाळेत येणं बंद केलं. मुदतीआधीच निवृत्ती घेते, म्हणाल्या. मुलं फळ्याकडे बघायची सोडून माझ्या डोक्याकडे बघतील, हे त्यांना सहन होणार नव्हतं.

एकदा भाऊंना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी सोबत गेले होते. जळगावहून परतताना धरणगावच्या अलीकडे ताईंना मळमळायला लागलं. रिक्षा थांबवली. शेजारच्या शेतात कापूस वेचणी चालू होती. आम्हाला बांधावर बसलेलं पाहून एक वयस्कर बाई पाण्याची बाटली घेऊन आली. तानुबाई तिचं नाव. पाणी पिताना ताईंचा पदर टोप न घातलेल्या डोक्यावरून घसरला. तानुबाईनं पाहिलं.

ताई मात्र तिच्याकडे बघतच राहिल्या. तानुबाईच्या डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल होता, कपाळावर घट्ट, कानामागे गाठ, आणि एक टोक खांद्यावर सोडलेलं. उन्हासाठीच बांधलेला, पण काय ऐट होती त्याला! ताई दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या. मला असं बांधायला शिकवाल का, म्हणाल्या.

तानुबाईनं विचारलं, "तुले डोकं दपाडनं शे का बांधनं शे?"

दपाडणं म्हणजे लपवणं, हे या सभागृहात सांगायला नको. ताईंनी घसरलेला पदर तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "बांधायचंय."

"मंग मान खाले घालू नको माय. गाठ ढिली पडस."

माझ्या ओढणीवर तिनं ताईंना ती गाठ शिकवली. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग ती आपल्या ओळीला परत गेली.

त्या दिवसानंतर उषाताईंना एक नाद लागला. त्या माणसं बघायला लागल्या. बसस्टँडवर बसलो की कोपरानं मला ढोसायच्या. सनकोट घातलेल्या स्कूटीवाल्या मुलींचे स्कार्फ, शिरपूरकडून आलेल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या बायांचे झगझगीत रंग, काहीही नजरेतून सुटायचं नाही. पारोळ्याच्या बाजारात एका आबांनी फेटा एका भुवईवर कलता बांधला होता. रिक्षावाल्याला भाडं विचारतानाही संकोचणाऱ्या या बाई सरळ आबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आबांनी सगळा फेटा उलगडून पुन्हा बांधून दाखवला. सगळ्यांनीच असं केलं असं नाही हं. धुळ्यात एका बाईनं वांगी रंगाच्या साडीवर हळदी पिवळा ब्लाउज घातला होता, तिला ताईंनी कापड कुठलं विचारलं तर ती फटकन म्हणाली, तुम्हाला काय करायचंय? ताई ओशाळून परतल्या. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या अंगावर वांगी साडी होती आणि डोक्याला हळदी रुमाल.

ज्ञानेश्वरभाऊ, रागावू नका, पण हेही सांगते. भाऊंना काळजी वाटली. आजारपणात बाईला नटणं सुचतं, असं लोक म्हणतील, असं ते बोलून गेले. ताई शांतपणे म्हणाल्या, "आजारी मी राहणारच आहे काही दिवस. ते दिवस माझेच आहेत ना?" दोन दिवसांनी भाऊंनी बाजारातून स्वतः निवडून एक निळा रुमाल आणला. तो इतका लहान होता की टिफिनच बांधता आला असता. ताईंनी तो मनगटाला बांधला.

आणि त्या शाळेत आल्या. मी आठवीच्या वर्गाच्या दारापर्यंत सोबत गेले. कोणी मान वर करेना. शेवटी पुनम नावाच्या मुलीनं विचारलं, मॅडम, डोक्याला काय झालं? ताईंनी जे होतं ते सांगितलं. आजार आहे, औषधानं केस गेले, पुन्हा येतील, तोवर हे असं. आणि विचारलं, "कसं दिसतंय?"

पुनमनं नीट निरखून पाहिलं. "गाठ डाव्या बाजूला पाहिजे होती, मॅडम."

वर्ग हसला. ताईंनी तिथेच गाठ डावीकडे सरकवली आणि तापी नदीचं खोरं शिकवायला घेतलं. निवृत्तीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शेवटचा प्रसंग सांगते आणि थांबते. उपचार संपले. पुढे एकदा तपासणीला आम्ही तिघं जळगावला गेलो होतो. रुमालाखाली ताईंचे केस यायला लागले होते, पेरभर, निम्मे पांढरे. ते अजून भाऊंशिवाय कोणी पाहिले नव्हते. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या हॉलमध्ये बाकावर एक तरुण बाई पदर हनुवटीशी गच्च धरून बसली होती. ती बराच वेळ ताईंकडे बघत होती. मग उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही हे कुठं शिकल्या?"

भरल्या हॉलमध्ये उषाताईंनी आपला रुमाल सोडला, तिला शेजारी बसवलं आणि तिच्या डोक्याला बांधला. हनुवटीला बोट लावून तिची मान वर केली. तिनं मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं आणि पाहतच राहिली. मग भानावर येऊन रुमाल परत द्यायला लागली. ताई म्हणाल्या, राहू द्या.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, उघड्या डोक्यानं. गाडीतले चार लोक वळून बघत होते. मी माझी ओढणी पुढे केली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "वारा लागू दे जरा."

दुसऱ्या दिवशी त्या तशाच शाळेत आल्या.

उषाताई, तुम्ही सांगितलं होतं तसं, रडकं न करण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. माझा आवाज कुठे हलला असेल, तुमच्या घरातलं एखादं बोलणं मी जास्तच उघडं केलं असेल, व्यासपीठावरच्या कोणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर सर्वांनी मला आपलं समजून पोटात घालावं. मला इथे उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल अध्यक्ष महोदयांचे आणि आपणा सर्वांचे मी आभार मानते.