एका डब्यातल्या गोळ्या

शिंपीणबाई दवाखान्यात नंबरची वाट बघत होत्या, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटी नुकतीच डॉक्टरांकडून बाहेर आली होती.

"ताई, माझी गोळी खरी होती."

"म्हणजे माझी नुसती पिठाची?"

"हो, तुझंही सांगितलं त्यांनी. सूज वाढवणारं एन्झाइम दाबलं तर छातीत गाठ होणं टळतं का, तेच बघायचं होतं त्यांना. म्हणून चाचणीतल्या निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना खोटी."

"आणि आपण दोघींच्या बाटल्या एका डब्यात ओतल्या."

"तूच म्हणालीस, दिसायला सारख्याच आहेत, मिसळल्या की दोघींना अर्धं अर्धं पोचेल."

"आईसारखं कुणाचंच होऊ नये म्हणून म्हणाले. मी काय तुझ्या वाईटावर होते?"

"नाही गं. औषध अर्धं अर्धं झालं. गाठ तेवढी अख्खी माझ्या वाट्याला आली."

"डॉक्टरांना डब्याचं सांगितलंस?"

"नाही. त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं, खऱ्या गोळीचा उपयोग झाला नाही."

"अगं, उद्या आपल्या मुलींना हीच गोळी लागली तर? जा, खरं काय ते सांग."

"तू सांग, ताई. तुझ्याकडे वेळ आहे."